फोन म्हातारा होत नाही, बॅटरी होते

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच लिहायला. माझा फोन २०१९ चा आहे, सातवं वर्ष चालू आहे त्याला. हल्ली कुणी तो माझ्या हातात बघितला की प्रश्न ठरलेला, अगं अजून हाच? नवीन कधी घेतेयस? विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं हे माहितीये मला, पण प्रत्येक वेळी सांगावंसं वाटतं की हा बिघडलेला नाहीये, फोन लागतो, फोटो चांगले येतात, मेसेज जातात, वाचायला होतं, मग मी तो का टाकू?

तीन वर्षांपूर्वी मात्र मी टाकायलाच निघाले होते. ते आधी सांगते.

झालं असं की फोन अचानक बंद पडायला लागला. चार्जिंग संपून नाही हं. ३४ टक्के दाखवतोय, कॅमेरा उघडला, आणि गप्पकन स्क्रीन काळी. चार्जर लावला की दोन मिनिटांत परत चालू आणि टक्के परत तिशीच्या वरच. एकदा मुलीचा कार्यक्रम होता, ती स्टेजवर आली, मी फोन वर धरला, व्हिडिओचं लाल बटण दाबलं आणि फोन गेला. तिचा पूर्ण नाच मी नुसत्या डोळ्यांनी बघितला, आणि नाच संपल्यावर तिने पहिलं काय विचारलं असेल तर आई, शूट केलंस ना? घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं, बास झाला हा फोन. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला नेला तर तिथल्या मुलाने उघडूनसुद्धा बघितला नाही. मॅडम चार वर्षं झाली, आतला मुख्य सर्किट बोर्ड जात आलाय, याच्यात पैसे घालू नका, नवीनच घ्या.

मी नवीन बघायलाही लागले होते. पण माझा मावसभाऊ असल्याच कामातला आहे, म्हटलं त्याला एकदा विचारू. त्याने सगळं ऐकून एवढंच विचारलं, ताई, जड काही उघडलंस तेव्हाच बंद पडतो ना? कॅमेरा, व्हिडिओ कॉल, मॅप? म्हटलं हो रे, अगदी तसंच. म्हणाला मग बोर्डबिर्ड काही नाही, बॅटरी दमलीये. टाकीत पाणी आहे पण पाइपात गाळ साचलाय असं समज, नळ थोडा सोडला तर धार येते, एकदम पूर्ण सोडला की ठसके देत बंद. बॅटरी जुनी झाली की तिच्या आतला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो, कॅमेऱ्याने एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि फोन बंद होतो. म्हणजे ते ३४ टक्के असतात आत, पण एका झटक्यात द्यायची ताकद गेलेली असते.

त्याच्या सांगण्यावरून बॅटरी बदलून घेतली. अर्ध्या तासाचं काम. आणि माझा "बोर्ड जात आलेला" फोन त्यानंतर तीन वर्षं एकदाही असा बंद पडला नाही. तो मुलगा खोटं बोलला असं मी म्हणत नाही, कदाचित त्याला तसंच शिकवलं असेल. पण विचार करा, माझ्यासारख्या किती जणींनी त्याचं ऐकून चांगला चालणारा फोन देऊन टाकला असेल.

मग मी या बॅटरीबद्दल वाचत सुटले. लिथियम आयन बॅटरी सोनीने १९९१ मधे पहिल्यांदा बाजारात आणली. २०१९ मधे, म्हणजे मी हा फोन घेतला त्याच वर्षी, तिच्यामागच्या तिघा शास्त्रज्ञांना, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मिळायलाच हवं होतं, तिच्याशिवाय हे खिशातलं यंत्र झालंच नसतं. पण तिचा एक स्वभाव आहे, ती वापरली तरी झिजते आणि नुसती ठेवली तरी झिजते. कितीतरी वर्षं फोनच्या बॅटरीचा हिशोब साधारण ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता असाच होता. एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर, आज ५० आणि उद्या ५० वापरले तरी मिळून एकच. रोज एक सायकल धरली तर ५०० सायकल दीड वर्षाच्या आतच संपतात. स्क्रीन, प्रोसेसर, कॅमेरा, स्पीकर यातलं काहीही दीड-दोन वर्षांत असं झिजत नाही. आख्ख्या फोनमधे सगळ्यात आधी थकणारी वस्तू कुठली तर ही, आणि तीच कंपन्यांनी गोंदाने आत चिकटवून टाकली!

पूर्वी मागचं झाकण नखाने उघडायचं, बॅटरी काढायची, दुसरी घालायची. आता म्हणतात पाण्यापासून वाचवायला सील करावं लागतं. मग २०१४ चा सॅमसंगचा गॅलेक्सी एस ५ आठवा, आयपी ६७ होता, म्हणजे पाण्यात पडला तरी चालायचा, आणि मागचं झाकण उघडून बॅटरीही काढता यायची. थोडा जाड होता, असू दे की. मला अर्धा मिलिमीटर जाड फोन चालेल, बॅटरीसाठी दुसऱ्याच्या दारात जायला लागणं चालत नाही.

आणि २०१७ आठवतंय का? त्या डिसेंबरमधे ॲपलने मान्य केलं की बॅटरी झिजलेल्या जुन्या आयफोनचा वेग ते सॉफ्टवेअरमधून कमी करत होते, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. कारण चुकीचं नव्हतं, माझ्या फोनला जे होत होतं तेच टाळायचं होतं. पण लोकांना सांगितलंच नाही ना! लोकांना वाटलं फोन म्हातारा झाला, आणि नवीन घेतले. बोंबाबोंब झाल्यावर बॅटरी बदलायचे पैसे कमी केले आणि २०१८ मधे बॅटरीची तब्येत दाखवणारं पान सेटिंगमधे आलं. ते पान ज्यांच्या फोनमधे असेल त्यांनी आजच उघडून बघा, नवीन फोन शोधायच्या आधी.

माझ्या अनुभवात बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. चार्जिंगला लावून उशीखाली ठेवणे, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणे, जाड कव्हरमधे चार्जिंग लावून वर तासभर व्हिडिओ कॉल. त्याच्या खालोखाल १०० टक्क्यांवर तासन् तास लावून ठेवणं. हल्लीच्या बऱ्याच फोनमधे ८० टक्क्यांवर थांबायची सोय असते, ती चालू करून ठेवा. माझ्यात नाही, मी हातानेच काढते, कधी राहतं, तेवढं चालायचंच.

अजून एक सांगते कारण यात कितीतरी जणांचे फोन फुकट गेलेत. मधे माझा चार्ज होईना. केबल हलवली की होतो, सोडली की थांबतो. केबल बदलली, चार्जर बदलला, तेच. मग फोन बंद केला, टॉर्च मारून चार्जिंगच्या भोकात बघितलं तर तळाशी राखाडी काहीतरी दिसलं. लाकडी टूथपिक घेतली, कडेकडेने हळूहळू उकरलं, आणि आतून खिशातल्या कापडाच्या तंतूंचा दाबून दाबून घट्ट झालेला एक तुकडा निघाला, अगदी नमदा असावा तसा, त्याला भोकाचाच आकार आलेला. दर वेळी केबल लावली की ते तंतू आत ठासले जात होते, वर्षानुवर्षं. तो काढल्यावर केबल "टक" करून बसली, कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकला मी. (पिन किंवा सुई घालू नका, आतले पॉइंट वाकतात.)

स्टोरेजचं फार लिहीत नाही, ते काठोकाठ भरलं की फोन रेंगाळतो, थोडी जागा मोकळी ठेवा.

आता खरी अडचण. फोन जिवंत असताना कंपनी हात काढून घेते ती सॉफ्टवेअरमधे. माझ्या फोनचे सिक्युरिटी अपडेट २०२२ मधेच थांबले, म्हणजे जेमतेम तीन वर्षं. त्या दिवसापासून नवीन सापडलेली प्रत्येक फट त्याच्यात उघडीच राहते. म्हणून बँकेचं ॲप मी त्यातून काढलं, ते आता घरातल्या दुसऱ्या नव्या फोनवर आहे, आणि अनोळखी लिंक, बाहेरून उतरवलेली ॲप हे या फोनवर पूर्ण बंद. ज्यांचा एकच फोन आहे आणि सगळे पैशाचे व्यवहार त्याच्यावर आहेत त्यांना मी जुनाच वापरा असं म्हणणार नाही, तिथे बदला. पण राग याचा येतो की यंत्र धडधाकट असताना ते आपल्याला सोडायला लावलं जातं. जमत नव्हतं असंही नाही ना, कारण गूगलने २०२३ मधे पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मधे एस २४ ला सात वर्षं अपडेट जाहीर केलेच की! आणि युरोपियन युनियनने तर २० जून २०२५ पासून नियमच केला, तिथे विकायला येणाऱ्या नव्या फोनची बॅटरी ८०० सायकलनंतरही किमान ८० टक्के टिकली पाहिजे, मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत आणि सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. सात वर्षं सुटे भाग! असा नियम सगळीकडे हवा, आणि आपण मागितल्याशिवाय तो येणार नाही.

कारण हा फक्त माझ्या पैशाचा प्रश्न नाहीये. फोनमुळे त्याच्या आख्ख्या आयुष्यात जेवढं प्रदूषण होतं त्यातला मोठा वाटा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो, आपण चार्ज करतो ती वीज त्यामानाने कमी. बॅटरीतला कोबाल्ट मुख्यतः काँगोच्या खाणीतून येतो, तिथे लहान मुलंसुद्धा राबतात हे वाचल्यापासून मला फोन बदलणं ही साधी खरेदी वाटतच नाही.

मागच्या महिन्यात दुसरी बॅटरीही गेली. स्क्रीनच्या डाव्या कडेला केसाएवढी फट दिसली, अंधारात त्यातून उजेडाची बारीक रेघ. बॅटरी फुगून स्क्रीन आतून वर ढकलत होती. उन्हाळ्यात दोन-तीनदा गाडीत राहिला होता, त्याचंच हे असणार. अशी फट दिसली तर दाबून बसवायला जाऊ नका, चार्जिंगला लावू नका, टोचू तर अजिबात नका, आग लागू शकते. लगेच बंद करून बदलून घ्या, आणि जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेतात तिथेच द्या.

तिसरी बॅटरी बसवून आज बावीस दिवस झाले. सकाळी सातला चार्जर काढला, ही पोस्ट याच फोनवर टाइप केली, आता दुपारचे चार वाजतायत आणि ६१ टक्के आहे. संध्याकाळी मुलीची नाचाची प्रॅक्टिस आहे, शूट करायचंय.