मांडीवरची गिटार, पायाखालचा डबा

हवाईयन गिटार वाजवणाऱ्या माणसाला जन्मात एक वाक्य हजारदा म्हणावं लागतं, "नाही हो, ही आडवीच धरतात." मी ते मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांना म्हटलंय, पंचवटी एक्स्प्रेसमध्ये टीसीला म्हटलंय आणि यंदा आषाढात शालिमारजवळच्या एका दुकानात काउंटरपलीकडच्या पोराला म्हटलं.

पोरगा नम्र होता. "काका, स्टाइल कुठली? मेटल?"

मी खिशातून तारांवर फिरवायचा बार काढून काउंटरवर ठेवला. "अस्सल स्टेनलेस स्टील."

तो समजल्यासारखा हसला आणि आतून एक खोका घेऊन आला. पुढच्या दोन महिन्यांचं रामायण या प्रश्नोत्तरातच होतं, पण ते मला नाशिकरोडला घरी पोचल्यावर कळलं.

मुळात मला हवं होतं ते फार थोडं. आमच्या भजनी मंडळात माझी गिटार कोरडी वाजते. पितळी टाळ गुंजतात, पेटी भरून राहते, आणि माझा सूर म्हणजे दूध न घातलेला चहा. लहानपणी रेडिओवर व्हॅन शिपले यांची गिटार ऐकताना वाटायचं, हा माणूस विहिरीच्या काठावर बसून वाजवतो की काय. पुढं गणपतीत ऑर्केस्ट्रा ऐकायला जायचो तेव्हा स्टेजच्या कडेला इको मशीन पाहिलं. आत टेपचा गोल पट्टा फिरायचा. एक हेड आवाज भरायचं, पुढची हेडं तोच आवाज थोड्या थोड्या उशिरानं परत द्यायची. पट्टा जुना झाला की प्रतिध्वनी किंचित डुलायचा. मला तो डुलणारा आवाज हवा होता. बस, एवढंच.

तर आधी प्रश्न आला, आवाज बदलणारे सुटे पेडल घ्यायचे की ती सगळी कामं करणारा एकच प्रोसेसर? कॉम्प्रेसर, प्रतिध्वनी देणारा डिले, गुंजारव देणारा रिव्हर्ब असे तीन पेडल घेतले तर चार केबली, तीन अ‍ॅडॉप्टर आणि एक एक्स्टेंशन बोर्ड. हिनं हिशोब ऐकला आणि म्हणाली, "हॉलमध्ये वायरींचं लोणचं घालायचं नाही." निर्णय झाला. एकच डबा.

डब्यात दोनशे आवाज आधीच भरलेले होते. पहिला लावला, तार छेडली, आणि कसारा घाटात पहिल्या गिअरला टाकलेली एसटी आमच्या हॉलमधून गेली. दुसरा लावला. तीच एसटी, आता ब्रेक फेल. खालच्या मजल्यावरचे वकील वर येऊन विचारून गेले, काही पाडकाम काढलंय का. विसावा आवाज होईस्तोवर मला पोराच्या 'मेटल'चा अर्थ लागला : धातू नव्हे, कर्कश रॉक संगीत.

मग माहितीपुस्तिका काढली. तिच्यात उभ्या गिटारी होत्या, बास होता, एका पानावर तर गायकसुद्धा होता. माझ्या आडव्या, म्हणजे स्टील गिटारचा उल्लेख नाही. आता गंमत बघा. बाजारात खपलेली जगातली पहिली इलेक्ट्रिक गिटार मांडीवरचीच होती, रिकनबॅकर कंपनीची, 1932 सालची. गोल अंग आणि लांब दांडा, म्हणून तिचं नाव पडलं फ्राइंग पॅन. घरच्या थोरल्या मुलालाच पंगतीत पान न वाढल्यासारखं हे झालं. मी हे हिला तावातावानं सांगितलं. "फ्राइंग पॅन," ती म्हणाली, "म्हणजे ठेवायची जागा माझ्याच ओट्यावर."

एक गोष्ट मात्र पहिल्याच संध्याकाळी सुधारली. इतकी वर्षं मी गिटार थेट साउंडच्या मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडत होतो. तिथला रोध साधारण दहा हजार ओहम, आणि तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या पिकअपची प्रकृती नाजूक; रोध कमी तेवढं ओझं जास्त, आणि त्या ओझ्याखाली त्याचे वरचे सूर दबतात. गिटारसाठी केलेल्या इनपुटला रोध दहा लाखांच्या आसपास असतो. सगळे आवाज बंद ठेवून नुसता डब्यातून नेला तरी सूर उजळला. रियाज कमी पडतो म्हणून मी स्वतःला किती बोल लावले असतील! तो रियाज आता मला कोण परत देणार?

यापुढं शरीरशास्त्र आडवं आलं. प्रोसेसर पायानं दाबायचा असतो. भजनी मंडळ सतरंजीवर मांडी घालून बसतं. माझे पाय माझ्याच खाली. उजव्या हाताच्या बोटांत तार छेडायची पिकं, डाव्यात बार. मोकळं उरलं ते फक्त डोकं, आणि तेही अशा वेळी फारसं चालत नाही. मग खुर्ची घेतली, आणि खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं की मांडीवर गिटार आडवी असली की खालचं काही दिसतच नाही. बटण आहे तिथं पाय पडेना, पाय पडे तिथं बटण नसे. स्क्रीनला बोट लावावं तर अंगठ्यातल्या प्लॅस्टिकच्या पिकाला ती दादच देईना.

उजव्या पायाखाली व्हॉल्यूम पेडलही असतं. ते गिटार आणि डबा यांच्या मधे लावायचं की डब्याच्या पुढं, यावर मी दोन दिवस घालवले. डब्याच्या पुढं लावलं की पाय उचलल्याबरोबर प्रतिध्वनीसकट सगळं गडप. गिटारनंतर लगेच लावलं की सूर थांबतो पण मागचा गुंजारव आपल्या गतीनं विरत जातो. हे उत्तर एका वाक्यात मावतं आणि मला दोन दिवस लागले. असो.

खरा वैरी निघाला नॉइज गेट. माझ्या गिटारला सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे घरातल्या विजेची पन्नास सायकलची गुणगुण फुकट. त्यात कॉम्प्रेसर लावला. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि लहान उचलतो, म्हणून सूर लांबतो. पण सूर विरत गेला की तो गुणगुणही तितक्याच प्रेमानं वर उचलतो. त्यावर उपाय गेट : आवाज ठरलेल्या पातळीखाली गेला की दार बंद. उभ्या गिटारवाल्यांना बरं आहे, त्यांचं ठणठणीत काम. माझं सगळं वाजवणं शेवटच्या मींडेत. पंचमावरून घसरत मध्यमाकडं निघालो, गंधाराच्या उंबऱ्याशी पोचलो, की खाडकन दार लागायचं. मींड बाहेर, गंधार आत. श्रोत्यांना वाटावं म्हाताऱ्याला ठसका लागला. शेवटी गेट काढून टाकलं आणि खोलीत फिरत बसलो. फ्रीज बंद केला, खुर्ची खिडकीकडं वळवली, आणि गुणगुण निम्मी झाली. आता घरात मी ईशान्येकडं तोंड करून वाजवतो. बिल्डिंगमध्ये समज असा की हे वास्तुशास्त्र आहे.

हार्मोनायझरचं फक्त नाव काढतो. तो आपल्या सुराला जोडीचा सूर लावतो. त्यासाठी आधी आपला सूर कुठला ते त्याला कळावं लागतं. दोन स्वरांच्या मधे रेंगाळणाऱ्या माणसाबरोबर त्याचं जमलं नाही.

राहिला डिले. आमच्या एका अभंगाची लय मिनिटाला 120 मात्रांची. साठ हजार मिलिसेकंद भागिले 120, म्हणजे एका मात्रेला पाचशे. तिची पाऊण केली की प्रतिध्वनी मात्रेवर न आदळता दोन मात्रांच्या मधल्या फटीत पडतो. प्रतिध्वनी दोनदाच, मूळ सुरात त्याची मिसळ फार तर वीस टक्के, आणि टेपसारखं डुलणं अगदी चिमूटभर. महिना गेला, पण ज्या संध्याकाळी ते जुळलं त्या संध्याकाळी विहिरीचा काठ आमच्या हॉलमध्ये आला. ही स्वयंपाकघरातून काही म्हणाली नाही. आमच्याकडं ही दाद.

सगळे आकडे मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या ऑगस्टच्या पानामागं लिहून ठेवले. जुना माणूस, मशीनवर विश्वास कशाला.

गणपतीतल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी भाचा आला. त्याचा कॉलेज रोडच्या पोरांचा बँड आहे. "मामा, तुमच्या डब्यातला प्रोग्राम, फर्मवेअर, किती जुना आहे! पाच मिनिटांत अपडेट करतो." पाच मिनिटांत केलाही. डबा पुन्हा सुरू झाला तेव्हा त्यात मूळचे दोनशे आवाज होते आणि माझा एकही नव्हता. भाचा स्क्रीनकडं बघत म्हणाला, "बॅकअप घेतला होता ना?"

मी रुबाबात भिंतीकडं गेलो. कॅलेंडरवर सप्टेंबर होता.

ऑगस्टचं पान सापडलं ते गौरीच्या बेसनलाडवांच्या डब्यात, तळाशी अंथरलेलं. भाचा आणि मी जमिनीवर बसून एकेक लाडू ताटात काढला. कॉम्प्रेसर वाचता आला. रिव्हर्ब वाचता आला. डिलेच्या जागी तुपाचा रुपयाएवढा डाग होता, त्यातून एक तीन तेवढा दिसत होता. मी चष्मा पुसला, पान उजेडाला धरलं. तीनशे पंधरा? तीनशे पंचेचाळीस? लय आठवेना, भागाकार सुचेना.

"तीनशे पंच्याहत्तर," ही ओट्यापासून न वळता म्हणाली. "महिनाभर झोपेत तेच तर पुटपुटत होतात. आणि लाडू झाका आधी, मुंग्या लागतील."