टीव्हीने युरोपातली फुटबॉलची मैदानं ओस पाडली?

‘टीव्हीने युरोपातल्या फुटबॉलची गर्दी खाल्ली, उरलेसुरले प्रेक्षक मोबाइलने नेले,’ असा मजकूर सध्या जोरात फिरतोय. वाचताना पटतो, आकडे काढले की फुसका निघतो.

आधी टीव्हीचंच बघू. इंग्लंडमध्ये १९४८-४९च्या हंगामात लीगच्या सामन्यांना ४ कोटी १२ लाखांवर प्रेक्षक आले. १९८५-८६ मध्ये उरले जेमतेम १ कोटी ६५ लाख. घसरण खरीच. पण लीगचे सामने नियमितपणे थेट दाखवायला सुरुवात झाली १९८३ मध्ये! तोवर बहुतेक गर्दी पांगलीही होती. घरबसल्या करमणुकीचा थोडाफार वाटा असेल, नाही कशाला म्हणा. पण मैदानांची अवस्था काय होती? मे १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या मैदानात लाकडी स्टँडखाली वर्षानुवर्षं साचलेल्या कचऱ्याने पेट घेतला. मागच्या बाजूची बरीच दारं बंद होती. ५६ माणसं गेली. वर हाणामाऱ्या रोजच्याच. अशा ठिकाणी पोराला घेऊन कोण जाणार? १९८९ मध्ये हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीत ९७ जणांचा बळी गेला, तेव्हा कुठे लीगच्या वरच्या दोन विभागांत उभ्याचे स्टँड जाऊन खुर्च्या आल्या. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तीच पैसे मोजून बघायच्या चॅनेलच्या जिवावर. तेव्हा सामन्याला सरासरी २१ हजार प्रेक्षक यायचे, आता ४० हजारांच्या घरात येतात.

‘सगळ्या युरोपात हेच चित्र’ हे तर साफ खोटं. १९८४-८५ मध्ये, म्हणजे मॅराडोना नापोली क्लबात आला त्या हंगामात, इटलीच्या वरच्या लीगमध्ये सामन्याला सरासरी ३८ हजारांवर प्रेक्षक होते. २००६-०७ मध्ये ही सरासरी २० हजारांच्या खाली घसरली. आधी सोयीचे रेफरी नेमून घेण्याचा घोटाळा, मग कातानिया शहरात सामन्याच्या वेळच्या दंगलीत पोलिसाचा मृत्यू. त्याच काळात जर्मनीत मात्र २००६च्या विश्वचषकासाठी नवी केलेली स्टेडियमं भरत होती. टीव्ही काय फक्त इटलीतच होता? आणि आता मोबाइलच्या काळात इटलीही ३० हजारांच्या आसपास परत आली आहे.

‘तिकिटं महागली म्हणून लोक येईनात’ हे मात्र अर्धं खरं. इंग्लंडमध्ये दर वाढले तरी खुर्च्या भरल्या. फक्त त्यांवर बसणारे बदलले, हातावर पोट असलेले मागे पडले. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूल क्लबाने पुढच्या हंगामासाठी ७७ पौंडांचं तिकीट जाहीर केलं, तेव्हा संडरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७व्या मिनिटाला हजारो चाहते उठून बाहेर पडले. तेव्हा लिव्हरपूल २-० ने पुढे होता, सामना सुटला २-२. मालकांनी आठवड्याभरात दरवाढ मागे घेतली.