पळपुट्याचं पळणं

दिवसाला १८०. गुडघा ताठ ठेवून पंधरा-पंधराचे तीन सेट, मग गुडघा किंचित वाकवून आणखी तीन. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. असे बारा आठवडे. हिशेब केला तर दुखऱ्या पायाची टाच १५,१२० वेळा खाली सोडायची. कशासाठी? तर पुन्हा पळता यावं म्हणून. जे मुळातच आवडत नाही ते पुन्हा करता यावं म्हणून एवढे कष्ट फक्त माणूस घेतो. बैल घेत नाही.

दुखणं टाचेमागच्या शिरेचं. आपल्याकडे शरीरात दोरीसारखं जे काही असेल आणि दुखत असेल, ती शीर. डॉक्टर हिला अकिलिस टेंडन म्हणतात. पळताना हिच्यावर वजनाच्या सहा ते आठपट ताण येतो, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाच्या प्रत्येक पावलाला जवळजवळ अर्धा टन. रक्तपुरवठा मात्र बेताचा, त्यामुळे बरं होण्याचा वेग आमच्या ठाण्याच्या तुंबलेल्या घोडबंदर रोडसारखा. सकाळी पलंगावरून उतरताना पहिली वीस पावलं बदकासारखी पडतात, मग शीर मोकळी होते आणि ‘बरं वाटतंय की’ हा भ्रम सुरू होतो. नुसत्या विश्रांतीने दुखणं थांबतं, पण शिरेत ताकद येत नाही. पुन्हा पळायला गेलं की पहिल्या आठवड्यात ती जुनी थकबाकी व्याजासह वसूल करते.

ताकद आणायचा उपाय म्हणजे वरचे १८०. हा कार्यक्रम लोकप्रिय केला स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन या अस्थिरोगतज्ज्ञाने, १९९८ मध्ये. त्याची स्वतःची शीर दुखत होती आणि हॉस्पिटलातले त्याचे साहेब ऑपरेशनला तयार होईनात. तेव्हा हा गृहस्थ शीर पार तुटावी, म्हणजे ऑपरेशन करावंच लागेल, या इराद्याने टाचा वरखाली करत सुटला आणि बरा झाला. चिडून केलेल्या व्यायामाचा एवढा फायदा दुसऱ्या कोणाला झालेला मला माहीत नाही.

पद्धत अशी. पायरीच्या कडेवर फक्त चवडे, टाचा हवेत, हात कठड्याला. चांगल्या पायाने वर उचलून घ्यायचं, मग सगळा भार दुखऱ्या पायावर देऊन टाच तीन-चार सेकंदांत हळूहळू पायरीच्या खाली न्यायची. वर येताना पुन्हा चांगला पाय. उतरायची हमाली एकाकडे, चढायची दुसऱ्याकडे. सोपं वाटायला लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदूळ. दुखणं शिरेच्या मधोमध असेल तरच टाच पायरीखाली न्यायची. अगदी खाली, हाडाला शीर चिकटते तिथे दुखत असेल तर सपाट जमिनीवरच करायचं; नाहीतर शीर हाडावर दाबली जाते आणि व्यायामानेच दुखणं वाढतं. आणि पळता-पळता मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखं ‘पट्’ झालं, वळून पाहिलं तर मागे कोणी नाही, आणि चवड्यावर उभंच राहता येईना, तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी हाडांचा डॉक्टर गाठायचा.

सोसायटीच्या जिन्यात हे करणाऱ्याला प्रश्न ठरलेले. लिफ्ट बंद आहे का? काही हरवलंय का? आणि काकूंचा सल्ला, “आंबेहळद लावून बघा हो, दोन दिवसांत जाईल.” बारा आठवडे हे ऐकायची तयारी हवी. टाचेपेक्षा चेहऱ्याचा व्यायाम जास्त होतो.

दुखऱ्या पायावर एकट्याने वीस-पंचवीस वेळा चवडा उचलता येऊ लागला आणि अर्धा-पाऊण तास चालून दुसऱ्या सकाळी बदक झालं नाही, की पळायची परवानगी. इथे गट लागतो. गजर लावणारा आणि बंद करणारा हात एकच असेल तर पळणं होत नाही, हा जगाचा अनुभव. गटात रात्री नऊला व्हॉट्सअ‍ॅपवर यादी फिरते: ‘उद्या पहाटे ५:३०, उपवन तलाव’, खाली आकडे, ज्याने त्याने कॉपी करून आपलं नाव जोडायचं. सातव्या नंबरावर नाव टाकलं की संपलं. काढायचं तर ते काढलेली यादी पुन्हा सगळ्यांसमोर टाकावी लागते. लाज हे सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ इंधन.

पहिला महिना एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, अशा आठ फेऱ्या. चोवीस मिनिटांत जेमतेम पावणेतीन किलोमीटर होतात. मधे दोन दिवस सुट्टी, कारण शिरेची कुरकूर बहुधा दुसऱ्या दिवशी कळते. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते आदल्या दिवसाएवढंच हवं. वाढलं असेल तर एक पायरी मागे. महिन्यानंतर दर आठवड्याला पळण्याचं मिनिट वाढवायचं किंवा फेऱ्या. दोन्ही एकदम नाही.

आणि इथेच न आवडणाऱ्याचा विजय होतो. ज्याला पळणं मनापासून आवडतं, तो साठाव्या सेकंदाला थांबूच शकत नाही. ‘मस्त वाटतंय, अजून थोडं’ म्हणत दोन किलोमीटर जातो आणि महिन्याभराने पुन्हा जिन्यात दिसतो. मला घड्याळ वाजायच्या आधी तीन सेकंद चालायला लागावंसं वाटतं. फिजिओच्या दृष्टीने हा आळस नसून शिस्त आहे. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी तसं म्हटलं.

गटाचा धोका एकच, गटाचा वेग. यादीत ‘इझी रन’ लिहिलेलं असतं, पण दोन सर आणि एक मॅडम पहिल्याच वळणावर एकमेकांना इझी दाखवायला लागतात. मागून “कम ऑन काका!” येतं. काका म्हटल्याचा राग पायात उतरू द्यायचा नाही. कसोटी सोपी आहे: मेट्रोच्या कामावर एक संपूर्ण तक्रार, क्रियापदापर्यंत, धाप न लागता पुरी करता आली तर वेग बरोबर. ‘अहो त्या कापूरबावडीला’ एवढ्यावरच श्वास संपला, तर हळू.

रस्ता गोल हवा. सरळ जाऊन परत यायचं असेल तर शेवटचा माणूस शेवटचाच दिसतो. तलावाभोवती दोन राऊंड झाले की पुढे कोण आणि मागे कोण, हे फक्त देव आणि घड्याळ जाणे. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात, त्याचा हा फायदा कोणी सांगत नाही. कचराळी तलाव सकाळी चालणाऱ्यांनी भरलेला. तलावपाळीला सहानंतर गर्दी. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ, तिथे घसरलेला चवडा शीर एका झटक्यात ताणतो. बुटांची टाच चवड्यापेक्षा आठ-दहा मिलिमीटर उंच असलेली बरी. सपाट तळव्याचे फॅशनेबल बूट वर्षभर विसरायचे. शेवटी सगळे भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणतात, त्यात सामील व्हायचं नाही. भिंत धरून नुसतं उभं राहिलं तरी लांबून तसंच दिसतं.

चार महिन्यांनी कोणीतरी यादीत ‘रविवार, येऊर’ टाकतंच. येऊर म्हणजे उपवनच्या वरचा डोंगर. चढावर टाच चवड्याच्या खाली राहते आणि शीर प्रत्येक पावलाला ताणली जाते, म्हणून चढ सगळ्यात शेवटी, सपाटीवर अर्धा तास न थांबता जमल्यावर. शिवाय येऊरच्या नावातच ऊर आहे, तो फुटेस्तोवर ज्यांना धावायचंय त्यांनी धावावं. खाली उपवनला कोणीतरी लागतंच: सात जणांच्या गाड्यांच्या किल्ल्या, दोन चष्मे, एक भिजलेलं जॅकेट सांभाळायला आणि ते उतरताना दिसले की टपरीवाल्याला आठ कटिंग सांगायला.