‘शापित त्रिकोणा’चा तो फॉरवर्ड पुढे पाठवू नका

अमेरिकेतल्या मिशिगन सरोवरात म्हणे शापित त्रिकोण आहे आणि तो लाकडी जहाजं गिळतो. परवा मोठ्या आईने हा फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर टाकला. खाली चुलतभावाने लिहिलं, ‘बरोबर आहे, गोड्या पाण्यात कसली आली वादळं!’ हा पोरगा दर पावसाळ्यात लाइफ जॅकेट न घालता धरणावर नावेत बसतो. म्हणून गप्प बसवत नाही.

‘तळ्यात लाटा नसतात, मग जहाजं बुडाली कशी?’ हा त्यातला सगळ्यात घातक मुद्दा. तळं म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे नागपूरचा फुटाळा तलाव येतो. मिशिगन सुमारे ४९० किलोमीटर लांब आहे, म्हणजे नागपूरहून संभाजीनगरला जाण्याएवढं. इतक्या मोकळ्या पाण्यावरून वारा सुटला की लाट चढतच जाते. शिवाय तिथल्या लाटा समुद्रापेक्षा उभ्या आणि लागोपाठ येतात, एकीतून सावरेपर्यंत दुसरी आदळते. नोव्हेंबर १९१३ च्या एका वादळात मिशिगन आणि शेजारच्या मोठ्या सरोवरांवर मिळून अडीचशेच्या वर माणसं गेली आणि पोलादी जहाजंही बुडाली. अन् लहान पाणी तरी कुठे सुरक्षित आहे? जुलै २०१७ मध्ये आपल्या नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून तरुण पोरं गेली. त्याला कोणता शाप लागला होता?

‘ख्रिसमसची झाडं नेणारं जहाज १९१२ मध्ये गायब झालं, आजवर सापडलं नाही.’ साफ खोटं. त्या जहाजाचं नाव राउज सिमन्स. बांधणी १८६८ ची, म्हणजे तेव्हा ४४ वर्षांचं जुनं शिडाचं जहाज, त्यावर झाडांचा भार आणि ऐन नोव्हेंबरातलं वादळ. २३ नोव्हेंबरला ते संकटाचा झेंडा लावून जाताना किनाऱ्यावरच्या बचाव ठाण्याने पाहिलं होतं. १९७१ मध्ये एका पाणबुड्याला ते विस्कॉन्सिन राज्यातल्या टू रिव्हर्स गावाजवळ दीडशे फुटांहून खोल सापडलं, पोटात झाडं तशीच! २००६ मध्ये विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीच्या पुरातत्त्वज्ञांनी खाली उतरून त्याची पाहणीही केली.

‘लाकूड शंभर वर्षं कुजत नाही, हा चमत्कार.’ लाकूड टिकतं हे खरं, तेवढं मानतो. पण समुद्रात लाकूड पोखरणारा जहाजकिडा गोड्या पाण्यात जगत नाही आणि तळाशी पाणी थंडगार असतं, म्हणून ते टिकतं. काही जहाजं अजून सापडली नाहीत हेही खरं. १६७९ मध्ये निघालेलं ग्रिफॉन त्यातलंच. खोल पाण्यात लाकडाचा सांगाडा हुडकणं सोपं नसतं, एवढाच त्याचा अर्थ.

शेवटी म्हणे, ‘सरकार भीतीपोटी जहाजं वर काढत नाही.’ एक काढलं होतं. १८६४ मध्ये बुडालेलं अल्विन क्लार्क १९६९ मध्ये जवळपास अखंड वर आणलं. ते जतन करायला लागणारा पैसा कोणी उभा केला नाही. पाण्याखाली शंभर वर्षं टिकलेलं लाकूड उघड्यावर कुजत गेलं आणि १९९४ मध्ये ते मोडीत काढावं लागलं.