फुकटच्या पैशानं गाव बिघडतं म्हणे

नागपुरात आमच्या मानेवाड्याच्या कॉलनीतल्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय. आशय असा: सरकार खात्यात पैसे टाकतं, गावातले लोक ते खर्रा-दारूत उडवतात, बायांना घरबसल्या पैसे मिळतात म्हणून निंदणाला मजूर मिळत नाही, गावात महागाई वाढते, मासा देऊ नका, मासेमारी शिकवा. पाठवणारे काका सज्जन आहेत. भिवापूर तालुक्यात त्यांचं आठ एकर वावर आहे, त्यामुळे त्यांची तक्रार अगदीच हवेतली नाही. म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आधी खर्रा, म्हणजे पन्नीत घोटलेली तंबाखू-सुपारी. नागपूरकरानं खर्र्यावरून गावाला नावं ठेवावीत यातच गंमत आहे. आपल्या कोपऱ्यावरच्या टपरीत सकाळी आठला पन्नी घोटणं सुरू होतं, आणि तिथे उभे असलेले कोणत्याच योजनेचे लाभार्थी नसतात. व्यसन आहे, कोणी नाकारत नाही. प्रश्न एवढाच की हातात रोख आल्यानं ते वाढतं का. जागतिक बँकेतल्या डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी वेगवेगळ्या देशांतले १९ अभ्यास एकत्र तपासले. दारू-तंबाखूवरचा खर्च जवळपास कुठेच वाढलेला आढळला नाही. परदेशातलं नको असेल तर शेजारचं मध्य प्रदेश घ्या. २०११-१२ मध्ये ‘सेवा’ या कष्टकरी महिलांच्या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं इंदूर जिल्ह्यातल्या काही गावांत प्रत्येक माणसाला, कोणतीही अट न घालता, दरमहा रोख रक्कम दिली: मोठ्या माणसाला २००, मुलाला १००, पुढे ३०० आणि १५०. तिथेही दारू वाढली नाही. वाढलं ते बियाणं-खतावरचा खर्च, जनावरं, आणि स्वतःच्या शेतात राबण्याचे दिवस.

जनावरांवरून आठवलं. काकांच्याच वावरात निंदायला येणाऱ्या एका बाईची गोष्ट मला जवळून माहीत आहे. लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये ऑगस्ट २०२४ पासून पडू लागले आणि विधानसभा निवडणुकीआधी पाच हप्त्यांचे ७,५०० झाले. तिनं त्यांना हात लावला नाही. कापूस वेचणीचे पैसे त्यात घातले आणि गाभण शेळी घेतली. दोन पिल्लं झाली. पाठ (मादी पिल्लू) ठेवली, बोकड वाढवून विकला, त्यातून मुलीची कॉलेजची फी भरली. पावसाळ्यात शेजारणीची शेळी आंत्रविषार या रोगानं गेली, हिची वाचली, कारण हिनं मृगाआधीच लस टोचून घेतली होती. ‘बाईले काय समजते’ म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

आता कोणी विचारेल, शेळीच घ्यायची तर कर्ज काढून का नाही घेतली? इथेच खरी गोम आहे. शेळीचं गाभणपण पाच महिन्यांचं. पुढे बोकड विकण्याजोगा व्हायला आणखी आठ-नऊ महिने. फायनान्सवाल्याचा हप्ता मात्र पुढच्याच आठवड्यापासून सुरू. म्हणजे शेळी कमवायच्या आधीच शेळी विकायची पाळी. गावात धंदा उभा न राहण्याचं कारण बहुतेक वेळा आळस किंवा कमी अक्कल हे नसतं, हे असलं वेळापत्रक असतं. परत न मागितला जाणारा पैसाच एवढी वाट पाहू शकतो.

मजुरांचं काय? काकांच्या गावात निंदणाची रोजी अडीचशे-तीनशे आहे. १५०० म्हणजे पाच-सहा दिवसांची रोजी. उरलेले चोवीस दिवस चूल कशावर पेटते? दिवसाला ५० रुपयांसाठी कोणी काम सोडत नाही. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या रोख मदतीच्या सात योजना तपासल्या, त्यांतही लोकांनी काम कमी केल्याचं दिसलं नाही.

पण एक फरक पडतो, आणि काकांना तोच बोचतो असं मला वाटतं. पूर्वी श्रावणात घरात दाणा नसला की मोठ्या शेतकऱ्याकडून उचल घ्यायची आणि सोयाबीनच्या सोंगणीला त्याच्याच वावरात, तो म्हणेल त्या भावानं जायचं. किराण्यापुरते पैसे हातात असले की उचल घ्यावी लागत नाही. मग बाई भाव विचारते. ‘मजूर मिळत नाही’ यातला काही भाग ‘जुन्या भावात मिळत नाही’ असा वाचावा. आठ एकरवाल्याला ते जड जातं, मान्य. सोयाबीनला भाव नसताना रोजी वाढवायची कशातून, हा त्याचा प्रश्न खरा आहे. पण त्याचं उत्तर बाईची उपासमार हे नव्हे.

महागाईबद्दल थोडक्यात. केनियातल्या सियाया भागात १०,५०० हून जास्त कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर देण्यात आले होते. किमती जेमतेम ०.१ टक्का हलल्या. गावातली दुकानं, चक्क्या अर्धा वेळ रिकाम्याच असतात, गिऱ्हाईक वाढलं तर त्या भाव न वाढवताही जास्त चालतात. लाडकी बहीण योजनेला २०२४ मध्ये वर्षाला ४६,००० कोटी लागतील असा अंदाज होता; एवढा पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न मात्र जरूर विचारा. तो वेगळा आहे आणि योग्य आहे.

राहिला मासा. रामटेकपासून भंडारा-गोंदियापर्यंत मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातले जुने गावतलाव, आहेत आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगणारा ढीवर समाज आहे. त्यांना मासेमारी कोण शिकवणार, मानेवाड्याचे आपण? त्यांना लागतं जाळं, डोंगा, मत्स्यबीज आणि तलावाच्या ठेक्याचे पैसे.

रोख मदतीवर टीका करायचीच असेल तर माझ्याकडे एक आहे, ती फॉरवर्ड करा. पीएम किसानचा एप्रिल ते जुलैचा २,००० चा हप्ता २०२३ मध्ये २७ जुलैला पडला आणि २०२५ मध्ये तर २ ऑगस्टला. आपल्याकडे पेरणी जूनच्या शेवटी-जुलैच्या सुरुवातीला आटोपते. तोवर कास्तकारानं कृषी केंद्रातून बियाण्याच्या बॅगा उधारीवर उचललेल्या असतात, रोखीपेक्षा चढ्या भावानं. हाच पैसा मे महिन्यात पडला असता तर ती उधारी झाली नसती.