दादर टी.टी. आणि तीन नंबरची ट्राम

भाचीचा परवा मेसेज आला. "मावशी, सप्टेंबरात सेंट पीटर्सबर्गला चाललेय. पाच दिवस आहेत. मेट्रोची कुठली कुठली स्टेशनं बघू?" खाली रील्समधून गोळा केलेली नऊ स्टेशनांची यादी. ट्रामचं नावही नाही. उत्तर लिहायला बसले ते एवढं वाढलं, की म्हटलं इथेच टाकावं. तीन वर्षं त्या शहरात काढली मी. परत येऊन इतका काळ झाला तरी हा विषय मनातून जात नाही.

मेट्रो बघच, बाळा. आवतोवो चुकवू नकोस. १५ नोव्हेंबर १९५५ला तिथली मेट्रो सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या टप्प्यातलं हे स्टेशन. ४६ खांब, त्यातले १६ काचेने मढवलेले. खरं तर सगळेच तसे करायचे होते, पण वेळ पुरला नाही, मग उरलेल्यांना संगमरवर लावला. अदमिराल्तेयस्कायालाही जा, ८६ मीटर खोल आहे. हे शहर नेवा नदीच्या मुखाशी दलदलीवर वसवलेलं. वरची जमीन पाणथळ आणि भुसभुशीत, म्हणून थेट खालच्या घट्ट, कोरड्या, निळसर चिकणमातीच्या थरापर्यंत उतरून बोगदे खणावे लागले. सरकत्या जिन्यावर दोन-तीन मिनिटं जातात. माणसं तेवढ्यात पुस्तकाची दोन पानं वाचतात. जोडपी समोरासमोर उभी राहतात, एक जण एक पायरी खाली आणि पाठ उताराकडे. मला ते बघायला फार आवडायचं.

पण खाली फक्त स्टेशनं दिसतात, शहर दिसत नाही. पीटर्सबर्ग बघायचं तर ट्रामनेच, या मतावर मी ठाम आहे, आणि ते सौंदर्याच्या हौसेपोटी झालेलं नाही.

मी ऑगस्ट २०१५मध्ये तिथे पोचले. खोली मिळाली वासिल्येवस्की बेटावर. जवळचं मेट्रो स्टेशन वासिलेओस्त्रोव्स्काया, आणि ते जुलैपासून बंद! सरकते जिने बदलायचे होते आणि स्टेशनला आत-बाहेर करायची वाट एकच, त्यामुळे अख्खं स्टेशनच बंद ठेवावं लागलं. ते उघडलं पुढच्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीला. परक्या शहरात, भाषा अर्धीमुर्धी, हिवाळा तोंडावर, आणि जवळचं स्टेशन नाही. पहिल्या रात्री मला रडू आलं होतं. आज वाटतं, ते स्टेशन चालू असतं तर मी रोज सकाळी जमिनीखाली शिरले असते, संध्याकाळी वर आले असते, आणि तीन वर्षांत मला ते शहर कळलंच नसतं.

(ते स्टेशन उघडल्यावर मात्र बघून चकित झाले. फलाटाला रूळ दिसतच नाहीत. दोन्ही बाजूंना भिंती आणि त्यात लोखंडी दारं. गाडी भिंतीपलीकडे येऊन नेमकी दारांपाशी थांबते, मग दोन्हीकडची दारं एकदम उघडतात. लोक त्याला 'आडवी लिफ्ट' म्हणतात. अशी दहा स्टेशनं आहेत. पहिलं पार्क पोबेदी, १९६१ सालचं.)

तर ट्राम. सहा नंबर आणि चाळीस नंबर, तुच्कोव पुलावरून पलीकडे नेणाऱ्या. मी होते तेव्हा बऱ्याच गाड्यांत कंडक्टर असायच्या, बहुतेक साठीच्या आसपासच्या बायका. अंगात जाड कोट, गळ्यात पैशांची पिशवी आणि तिकिटांची रिळं. त्यांची बसायची जागा ठरलेली, वर तशी पाटी असायची आणि तिथे कोणी बसत नसे. उणे पंधरात बाहेरून आलं की सीटखालचा हीटर पोटऱ्या शेकायचा. खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची जाळी धरलेली असायची. पोरं तिच्यावर बोट दाबून धरायची, की नाण्याएवढी खिडकी तयार. त्या भोकातून मी निम्मं शहर पाहिलंय.

पहिल्याच आठवड्यात गर्दीत मागून आवाज आला, "वी विखोदिते?" मला शब्द कळले, अर्थ लागेना. तुम्ही उतरताय? हिला काय करायचंय मी उतरतेय की नाही? मग ट्यूब पेटली. अगं, हे तर आपलंच! लोकलच्या दारात "दादर उतरणार का?" विचारतात ना, तेच. नसलात उतरणार, तर जागा द्या. त्या क्षणी मला तिथे पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

तिकिटाचंही एक आहे. त्यावर सहा आकडे असतात. पहिल्या तिघांची बेरीज आणि शेवटच्या तिघांची बेरीज सारखी आली की ते नशिबाचं तिकीट. आणि ते खायचं! आमच्या ऑफिसातली शहाणीसुरती बाई माझ्यासमोर कागद चावून गिळताना पाहिलीय मी. तिथली मुलं बेरजा शाळेत कमी आणि ट्राममध्ये जास्त शिकत असावीत, असं मला खरंच वाटतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

रविवारी मी सेन्नाया चौकाजवळच्या बाजारात जायचे, कारण तिथे मध्य आशियातल्या लोकांकडे कोथिंबिरीच्या भरघोस जुड्या मिळायच्या. येताना मुद्दाम वाकडी वाट करून तीन नंबरची ट्राम पकडायचे. एकदा डब्यात आम्ही चारच माणसं. कंडक्टर आजी शेजारी येऊन टेकल्या. कुठची, काय करतेस, आई कुठे असते, सगळं विचारून झालं. मग डब्याच्या भिंतीवर दोनदा थोपटून म्हणाल्या, "ही तीन नंबर त्या दिवशी निघाली होती. आई रस्त्यावर उभी होती माझी."

कुठला दिवस, हे मला नंतर वाचून नीट कळलं. सप्टेंबर १९४१मध्ये जर्मन सैन्याने लेनिनग्राडला, म्हणजे तेव्हाच्या पीटर्सबर्गला, वेढा घातला. तो ८७२ दिवस चालला. पहिल्याच हिवाळ्यात पावाचं रेशन नोकरी न करणाऱ्यांना दिवसाला १२५ ग्रॅमवर आलं. ८ डिसेंबरला वीज संपली आणि ट्राम होत्या तिथेच, रस्त्यात, थांबल्या. बर्फात रुतलेल्या त्या डब्यांच्या बाजूने माणसं चालत कारखान्यात जात होती आणि लहान मुलांच्या घसरगाड्यांवरून प्रेतं ओढून नेत होती. वसंतात बर्फ वितळलं की रोगराई पसरणार, म्हणून जे उभे राहू शकत होते ते लाखो लोक, त्यात बायकाच जास्त, पहारी आणि फावडी घेऊन रस्ते साफ करायला उतरले. आणि १५ एप्रिल १९४२ला प्रवासी ट्राम पुन्हा सुरू झाली. पाच मार्ग होते: ३, ७, ९, १० आणि १२.

आजींची आई सांगायची, ट्रामची घंटा ऐकू आली आणि माणसं रस्त्यात उभी राहून रडायला लागली. अन्न वाढलं नव्हतं, बॉम्ब थांबले नव्हते. पण ट्राम चालतेय म्हणजे आपलं शहर जिवंत आहे, एवढं त्यांना कळलं.

फोंतान्का नदीच्या काठी, सर्कशीच्या इमारतीजवळ एक साधीशी इमारत आहे. ट्रामच्या तारांना वीज पुरवणारं सबस्टेशन. त्या वसंतात ट्रामला वीज मिळाली त्यात या इमारतीचा वाटा होता, तशी पाटी तिच्यावर आहे. काही वर्षांपूर्वी ती पाडायचं घाटत होतं. शहरातले लोक उभे ठाकले, वर्षानुवर्षं भांडले, आणि ती वाचली. ना खांब, ना नक्षी. रील करण्यासारखं तिथे काही नाही. पण जा, आणि दोन मिनिटं थांब.

हे सगळं असताना या शहराने स्वतःच्या ट्रामचं काय केलं, याचा मला आजही राग येतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीला जगातलं सर्वांत मोठं ट्रामचं जाळं लेनिनग्राडचं होतं. आज तो मान मेलबर्नकडे आहे. नव्वदीत आणि त्यानंतरच्या दशकात मोटारी वाढल्या, ट्राम त्यांच्या आड येते असं ठरलं, आणि मधल्या भागातल्या रस्त्यारस्त्यांवरचे रूळ उखडले गेले. मोटारींची कोंडी काही सुटली नाही, ती मी रोज पाहत होते.

मेट्रो आहे की, असं म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं. साठ-सत्तर मीटर खोल स्टेशन बांधायला वर्षं लागतात, आणि एकदा बिघडलं की काय होतं तेही या शहराने भोगलंय. डिसेंबर १९९५मध्ये लेस्नाया आणि प्लोश्चाद मुझेस्त्वा या स्टेशनांमधल्या बोगद्यात पाणी आणि वाळू शिरली. उत्तरेकडचा भाग मेट्रोच्या उरलेल्या जाळ्यापासून तुटला, तो जून २००४मध्ये जोडला गेला. साडेआठ वर्षं! तोवर लोक स्टेशनातून वर येऊन बसने जायचे आणि पुन्हा खाली उतरायचे. शिवाय गुडघे दुखणाऱ्या बाईला, चाकाची पिशवी ओढणाऱ्या आजोबांना, बाबागाडीवाल्या आईला रस्त्याच्या पातळीवर येणारी गाडीच हवी असते. तिथल्या ट्राममध्ये कोण बसलंय ते बघ, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

बदल होतोय, तेही सांगायला हवं. २०१८पासून पूर्वेकडच्या भागात 'चिझिक' नावाची नवी ट्राम धावते, चिझिक म्हणजे एक छोटा पक्षी. लांब, खालच्या पायरीच्या गाड्या. मी शेवटच्या वर्षी तिच्यात बसले. सुरेख आहे. पण उखडलेले रूळ परत टाकणं किती कठीण असतं ते आपल्याला माहीत आहे.

आपल्याला म्हणजे मुंबईकरांना. मुंबईत विजेवरची ट्राम सुरू झाली ७ मे १९०७ला. पीटर्सबर्गच्या रस्त्यांवर ती आली त्याच वर्षी, २९ सप्टेंबरला. आपली चार-पाच महिने आधी! (तिथे त्याआधी बारा वर्षं हिवाळ्यात गोठलेल्या नेवा नदीवर रूळ टाकून विजेची ट्राम चालवायचे, कारण रस्त्यावरचा हक्क घोड्याच्या ट्रामवाल्या कंपन्यांकडे होता. नदीच्या बर्फाबद्दल करारात कोणी लिहून ठेवलं नव्हतं.) आपली शेवटची ट्राम धावली ३१ मार्च १९६४ला, बोरीबंदर ते दादर. माझे आजोबा परळला राहायचे, त्यांनी त्या रात्रीची गर्दी पाहिली होती. आम्हाला ते नेहमी विचारायचे, "दादर टी.टी. म्हणता, त्यातला टी.टी. म्हणजे काय रे?" ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षं झाली, तरी आपण अजून टॅक्सीवाल्याला तेच सांगतो. काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनपाशी खोदकामात ट्रामचे जुने रूळ वर आले. बातमीतला फोटो मी बराच वेळ पाहत बसले होते. आजोबा तेव्हा नव्हते.

पीटर्सबर्गचे लोक ट्रामच्या टर्मिनसला 'कोल्त्सो' म्हणतात. कोल्त्सो म्हणजे अंगठी, कडं. गाडी तिथे गोल वळून परत निघते ना, म्हणून.

तर बाळा, तुझ्यासाठी कामाचं एवढंच. आपली व्हिसा-मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत, रोख रुबल जवळ ठेव. स्टेशनवर 'पोदोरोझ्निक' कार्ड घे, मेट्रो, बस, ट्राम सगळीकडे चालतं. हे नाव रस्त्याकडेला उगवणाऱ्या एका रोपट्याचं आहे, आपल्या इसबगोलाच्या भाऊबंदांतलं. मेट्रो मध्यरात्रीच्या सुमाराला बंद होते आणि दीडच्या आसपास नेवावरचे पूल उघडतात, मग बेटावरची माणसं बेटावर आणि अलीकडची अलीकडे. हॉटेल कुठल्या काठाला आहे ते लक्षात ठेव.

आणि एका सकाळी सेन्नायाजवळ सादोवाया रस्त्यावर तीन नंबरची ट्राम पकड, फिनलंड स्टेशनच्या दिशेची. आधी उजवीकडे बघ, मिखाइलोव्स्की किल्ला लागेल, मग समर गार्डनची झाडं, सप्टेंबरात पिवळी व्हायला लागलेली असतील. पुलावर चढायच्या आत डावीकडच्या खिडकीशी जा. नेवा नदी एकदम उघडते, एका काठाला हिवाळी राजवाडा, दुसऱ्या काठाला पीटर-पॉल किल्ल्याचा सोनेरी कळस, आणि ट्राम इतकी सावकाश जाते की सगळं नीट बघून होतं. कागदी तिकीट हातात आलंच, तर आकडे मोज. बेरीज जमली तर खाऊ नकोस, माझ्यासाठी घेऊन ये.