कर कापला त्यांनी, भोगायचं मी!

मी भूलतज्ज्ञ, पाच-सहा हॉस्पिटलांत केसेस करते. इन्कम टॅक्स रिटर्नची मुदत १५ सप्टेंबर २०२५, आणि मुदत तोंडावर आलेली असताना कळतंय की एका हॉस्पिटलने माझा टीडीएस, म्हणजे फीमधून आधीच कापलेला कर, दुसऱ्याच डॉक्टरच्या पॅनवर चढवलाय. माझंच आडनाव असलेले एक ऑर्थोपेडिक सर्जन त्या हॉस्पिटलात येतात. जानेवारी ते मार्च मी तिथे जेवढ्या भुली दिल्या, त्या प्रत्येकीच्या फीमधून १० टक्के कापले आणि जमा केले त्यांच्या नावावर! आता त्या बिचाऱ्यांच्या एआयएसमध्ये (कर विभागाकडच्या उत्पन्नाच्या नोंदीत) कधीच न मिळालेलं उत्पन्न दिसतंय आणि माझ्या २६एएसमध्ये (कापलेल्या कराच्या नोंदीत) त्या हॉस्पिटलची ती तिमाहीच गायब.

आणि हे आज का कळलं? जूनपासून मी १६ए, म्हणजे कर कापल्याचं प्रमाणपत्र, मागतेय. चौथ्या तिमाहीचं १६ए १५ जूनपर्यंत हातात द्यायचं असतं. दर वेळी उत्तर तेच: "आम्ही भरलंय मॅडम, येईल, दोन दिवसांत दिसेल." एकाही माणसाने उठून टीडीएसचं रिटर्न उघडून बघितलं नाही. शेवटी माझ्या सीएने पिच्छा पुरवला तेव्हा पॅनचा घोळ बाहेर आला. मी फोन केला तर अकाउंट्सवाला अगदी शांतपणे म्हणतो, "होतं असं कधीकधी. करेक्शन आता ऑक्टोबरच्या रिटर्नबरोबर टाकू. आणि मुदत तर ३१ जुलैची वाढून मिळाली होती ना तुम्हाला? आधी सांगायचं."

आधी सांगायचं! डोकं फिरलं माझं. तीन महिने मी काय करत होते?

आता रस्ते उरले दोनच. टीडीएस क्लेम केला तर २६एएसशी जुळत नाही म्हणून कर विभागाची १४३(१)ची, म्हणजे रिटर्न तपासल्यानंतरची, सूचना येणार, क्रेडिट नाकारलं जाणार, वर डिमांड आणि व्याज. क्लेम नाही केला तर कापून गेलेली रक्कम पुन्हा माझ्याच खिशातून भरायची. कलम २०५ आहे, माहितीये मला. कर कापला गेला असेल तर ज्याच्या उत्पन्नातून कापला त्याच्याकडून तो पुन्हा मागता येत नाही. पण ते सिद्ध कोण करणार? बिलं, बँकेच्या नोंदी, पत्रव्यवहार, सगळं मीच गोळा करायचं. रात्री सिझेरियनला उभं राहायचं आणि सकाळी डोळे चोळत पीडीएफ शोधत बसायचं.

बरं, माझी तारीख चुकली तर कोणी म्हणतं का "होतं कधीकधी"? रिटर्न उशिरा भरलं की ५,००० रुपये. आम्ही ४४एडीएवाले, म्हणजे अंदाजित उत्पन्नावर कर भरणारे व्यावसायिक, त्यामुळे ॲडव्हान्स टॅक्सचा सगळा भार एकट्या १५ मार्चवर. एक दिवस उशीर झाला तरी राहिलेल्या रकमेवर १ टक्का. ९० टक्क्यांपेक्षा कमी भरला असेल तर एप्रिलपासून दर महिन्याला आणखी १ टक्का, आणि महिन्याचा एक दिवस लागला तरी पूर्ण महिना धरतात. टीडीएसचं रिटर्न उशिरा भरलं तर त्यांनाही रोज २०० रुपये आहेत, पण ते जातात सरकारकडे. माझ्या मनस्तापाचे आणि सीएच्या जादा फीचे कोण देणार?

फी तरी वेळेवर देतात का? मार्चच्या केसेसचे पैसे जूनमध्ये, तेही आठवण केल्यावर. टीडीएस मात्र ३१ मार्चच्या तारखेने टाकून मोकळे. म्हणजे माझ्या बँकेत एक आकडा, २६एएसमध्ये दुसरा, आणि त्याचा खुलासा परत मीच करायचा. एका ठिकाणी तर मला पगारी नोकर समजून १९२खाली कर कापला होता. ना पीएफ, ना रजा, ना ऑफर लेटर, आणि कर मात्र पगाराचा! तो घोळ निस्तरताना जी दमछाक झाली, ती अजून विसरले नाही.

आणि "डॉक्टर, तुम्हाला काय कमी आहे, थोड्याशा रकमेसाठी कशाला एवढं?" हे वाक्य पुन्हा कुणी माझ्यासमोर बोलू नये. पाच-सहा हॉस्पिटलं करणाऱ्या भूलतज्ज्ञाचं उत्पन्न असंच तुकड्यातुकड्यांत येतं. प्रत्येकाची रक्कम थोडीशीच असते. प्रत्येकाने थोडीशी बुडवली तर माझा अख्खा टॅक्स मी दोनदा भरायचा का? ओटीत औषधाचा डोस चढवताना मी पेशंटचं नाव, वजन, ॲलर्जी पुन्हा पुन्हा तपासते. तुम्हाला पॅनची दहा अक्षरं तपासता येत नाहीत?

त्यांना आज लेखी मेल टाकलाय, मालक डॉक्टरांनाही कॉपी. पॅनचं करेक्शन ऑक्टोबरमध्ये नाही, याच आठवड्यात भरायचं, आणि इथून पुढे दर तिमाहीचं १६ए मुदतीत हवं. मिळेपर्यंत त्यांच्या ठरवून केलेल्या केसेस मी घेणार नाही. इमर्जन्सी आली तर जाईन, पेशंटने माझं काही बिघडवलेलं नाही. हर्निया आणि गॉलब्लॅडरच्या याद्या मात्र त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी पाठवाव्यात, आणि त्याचा पॅन तरी नीट लिहून घ्यावा.